छोट्या ट्रॅक्टरमागचा बॅकहो : खोलीच्या आधी जोडणी पाहावी

पुरंदर तालुक्यात अंजीर आणि सीताफळाची बाग असली की खोदकाम वर्षभर संपत नाही. ठिबकची मुख्य वाहिनी बदलायची असते, वठलेल्या झाडाचा बुंधा काढायचा असतो, नांग्या भरण्यासाठी खड्डे घ्यायचे असतात, बांधालगतचा चर उपसायचा असतो. यांतले प्रत्येक काम तास-दोन तासांचे असते. पण तेवढ्यासाठी जेसीबी बोलावला तर त्याच्या येण्याजाण्याचे पैसेच कामाला भारी पडतात, आणि टिकाव-फावडे घेऊन मुरमाला भिडणारा मजूर ऐन हंगामात मिळत नाही. पुण्यात राहून सासवडकडची शेती सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनात त्यामुळे कधी ना कधी हा विचार येतोच, की दारात छोटा ट्रॅक्टर उभाच आहे, तर त्यालाच मागे खोदणारा हात का बसवू नये? मी माझ्या २४ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला असा बॅकहो बसवून घेतला आणि काळ्या जमिनीत, मुरमात व दगडगोट्यांत तो भरपूर वापरला. तो भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तयार झाला. कारखान्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या वर्गातील यंत्रे ट्रॅक्टरच्या मापानुसार एकेक करून बांधली जातात आणि एकाच छपराखालून निघालेली दोन यंत्रे तंतोतंत सारखी असतीलच असे नाही. नावापेक्षा काय पाहून घ्यावे, हे सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

मोशीला डिसेंबरात भरणाऱ्या किसान प्रदर्शनात अशा यंत्रांपुढे थांबणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो तो खोलीचा : हे किती फूट खाली जाते? विक्रेतेही हे ओळखून असतात; म्हणून माहितीपत्रकावर सहा फूट, साडेसात फूट, नऊ फूट असे आकडे सर्वांत ठळक छापलेले असतात. प्रत्यक्षात बागेतली वाहिनी अडीच-तीन फुटांवर जाते, फळझाडाचा खड्डा तेवढाच असतो आणि घरच्या शोषखड्ड्याला सहा फूट पुष्कळ होतात. शिवाय आमच्याकडच्या जमिनीत वरची काळी माती संपली की मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. नऊ फुटांचा हात घेतला तरी पाचव्या-सहाव्या फुटाला कातळाने अडवल्यावर उरलेले तीन फूट केवळ वजन म्हणून मागे लोंबत राहतात. हे वजन छोट्या ट्रॅक्टरला किती महाग पडते, ते पुढे येईलच. माझ्या मते खोलीचा आकडा शेवटी पाहावा. सर्वांत आधी पाहावी ती ट्रॅक्टर आणि बॅकहो यांच्यामधली जोडणी.

जोडणीचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात बॅकहो नांगर किंवा रोटाव्हेटरप्रमाणे थ्री-पॉइंट लिंकेजवर, म्हणजे दोन लोअर लिंक आणि वरची टॉप लिंक यांवर बसतो. हा प्रकार स्वस्त असतो, कोणत्याही ट्रॅक्टरला चालतो आणि अर्ध्या तासात काढता-घालता येतो. म्हणूनच तो खपतो. त्यातला धोका मात्र ट्रॅक्टरच्या उचलीच्या रचनेतच आहे. ही उचल अवजार वर घेते, पण त्याला खाली दाबून धरू शकत नाही. नांगराला त्याची गरजही नसते, कारण तो आपल्या वजनाने आणि फाळाच्या ओढीने जमिनीत शिरतो. बॅकहोचे तसे नाही. बकेट रुतवून बूम, म्हणजे खोदणाऱ्या हाताचा बुडाकडचा भाग, खाली दाबला की जमीन उलट रेटा देते आणि सगळा सांगाडा लिंकेजसकट वर येऊ पाहतो. चालकाची बैठक त्याच सांगाड्यावर असते व तिच्या मागे ट्रॅक्टरचे आसन आणि रोल-बार, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान, असते. सांगाडा एकदम उसळला तर माणूस बैठक आणि रोल-बार यांच्यामध्ये चेपला जातो. काही कारखाने यावर उपाय म्हणून टॉप लिंकच्या जागी जाड पट्टी देतात आणि लोअर लिंक साखळीने किंवा आडव्या दांड्याने खाली जखडतात. तेवढे केलेले नसेल तर असे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.

दुसरा प्रकार सबफ्रेमचा. ट्रॅक्टरला जीप किंवा ट्रकसारखी वेगळी चेसिस नसते; इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा आस ही बिडाची घरे एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा बनवलेला असतो. खोदताना बसणारे धक्के थेट मागच्या घरावर आले तर ते बोल्ट ढिले होतात आणि वाईट वेळ असेल तर बीड तडकते. सबफ्रेम म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालून दोन्ही अंगांनी जाणारे दोन जाड गर्डर. ते मागे आसाच्या घराला आणि पुढे पुढच्या आसाच्या आधाराला पकडलेले असतात, त्यामुळे खोदण्याचा रेटा बिडाच्या घरांना वळसा घालून त्या गर्डरमधून जातो. कुबोटा आणि जॉन डिअर या कंपन्या अमेरिकेच्या बाजारात आपल्या छोट्या ट्रॅक्टरसाठी जे बॅकहो देतात, ते अशाच सबफ्रेमवर बसतात. भोसरीत मला सबफ्रेमसाठी पन्नास हजारांच्या आसपास जादा मोजावे लागले आणि या संपूर्ण खरेदीतले ते सर्वांत सार्थकी लागलेले पैसे आहेत. एक अडचण सांगितली पाहिजे : सबफ्रेम पोटाखाली गेल्याने जमिनीपासूनचे अंतर कमी होते आणि सरी-वरंब्याच्या शेतात ती मातीला लागते. माझ्याकडे बागेची सपाट पट्टी असल्याने ते चालून गेले. भाजीपाल्याच्या शेतकऱ्याने याचा विचार आधी करावा. ट्रॅक्टरच्या विक्रेत्याकडून, सबफ्रेम बसवल्यावर गिअरबॉक्सची हमी चालू राहील किंवा कसे, हे लेखी घ्यावे. तोंडी ‘काही होत नाही हो’ या उत्तराचा पुढे उपयोग होत नाही.

आता वजनाकडे वळू. माझा ट्रॅक्टर मोकळा असताना साधारण ९०० किलो भरतो व त्यातले ४० टक्के, म्हणजे ३६० किलो, पुढच्या चाकांवर असतात. बॅकहोचे वजन ४०० किलो आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून सुमारे एक मीटर मागे पडतो. दोन्ही आसांमधले अंतर दीड मीटर धरले, तर या ओझ्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार २६५ किलोने कमी होऊन जेमतेम ९५ किलो उरतो. स्टिअरिंग नीट लागण्यासाठी एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. १,३०० किलोंच्या संचासाठी तो २६० किलो होतो. पुढच्या आसाच्या अर्धा मीटर पुढे १५० किलोंची वजने टांगली की तरफेच्या हिशेबाने पुढे २०० किलो वाढतात आणि एकूण १,४५० पैकी २९५ किलो पुढे येतात, म्हणजे काम भागते. हाच हिशेब नऊ फुटी, सहाशे किलोंच्या यंत्राला लावून पाहिला तर त्याच ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर काहीच उरत नाही. विक्रेता हे गणित करून देत नाही. कागद-पेन घेऊन आपणच करावे लागते. माहितीपत्रकात ‘उचल क्षमता ७५० किलो’ असे छापलेले असते ते लोअर लिंकच्या टोकाशी मोजलेले असते, त्यापलीकडे मागे गेलेल्या वजनाला तो आकडा लागू होत नाही.

हायड्रॉलिकच्या बाबतीत ट्रॅक्टरचाच पंप वापरायचा की पीटीओवर, म्हणजे अवजारे चालवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, वेगळा पंप बसवायचा, हा प्रश्न येतो. छोट्या ट्रॅक्टरच्या पंपाचा तेलाचा प्रवाह बेताचा असतो आणि तो उचलीसाठीही तोच. ६३ मिलिमीटर व्यासाच्या आणि ४०० मिलिमीटर धावेच्या सिलिंडरमध्ये सव्वा लिटर तेल मावते. मिनिटाला २० लिटर प्रवाह असेल तर तो पूर्ण उघडायला पावणेचार सेकंद लागतात, ३० लिटर असेल तर अडीच. एका फेरीत बूम, आर्म (बूम आणि बकेट यांच्यामधला भाग), बकेट आणि वळण मिळून अशा सहा-सात हालचाली होतात, त्यामुळे हा सेकंदभराचा फरक दिवसअखेर तासांत मोजावा लागतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ट्रॅक्टरच्या पंपातून फिरणारे तेल बहुतेक वेळा गिअरबॉक्सचेच असते. होस, म्हणजे तेलाची रबरी नळी, बदलताना धूळ गेली किंवा बॅकहोच्या सिलिंडरमधला किस सुटला की तो थेट गिअरबॉक्समध्ये पोहोचतो. स्वतंत्र पंप, स्वतंत्र टाकी आणि परतीच्या वाटेवर दहा मायक्रॉनचा फिल्टर असला की बॅकहोचा रोग बॅकहोपुरता राहतो.

माझ्या यंत्रात पीटीओच्या ५४० फेऱ्या तिप्पट करणारा छोटा गिअरबॉक्स आणि त्यावर गिअर पंप आहे. मिनिटाला ३० लिटर प्रवाह आणि १५० बार दाब. दाबाला प्रवाहाने गुणून ६०० ने भागले की किलोवॉट मिळतात. म्हणजे साडेसात किलोवॉट, सुमारे दहा अश्वशक्ती. चोवीसच्या इंजिनाला हे सहज झेपते. येथे एक सावधगिरी. काही कारागीर ‘ताकद वाढवून देतो’ म्हणून जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह आवळून दाब १८०-२०० बारपर्यंत नेतात. १५० बारला ६३ मिलिमीटरचा सिलिंडर पावणेपाच टनांच्या आसपास रेटा देतो आणि तोही दीड टनाच्या संचाला पुरून उरतो. आर्म आवळताच जमीन फुटण्याऐवजी ट्रॅक्टरच मागे ओढला जातो. दाब वाढवून त्यात भर पडते ती फक्त होस, सील आणि पिनांवरच्या ताणाची. टाकी ३५ लिटरची आहे. तेल ६८ ग्रेडचे घातले आहे, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की सलग दोन तासांनंतर टाकीवर हात ठेववत नाही, तेव्हा यंत्र थांबवावे लागते. टाकी पन्नास लिटरची मागितली असती तरी जागा होती. ज्यांना भर उन्हाळ्यात काम करायचे आहे त्यांनी ती मागावी.

लोखंडाच्या बाबतीत भोसरीतल्या वेल्डरने मला एका वाक्यात जे सांगितले ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते : “काका, खोली सगळेच विचारतात, पिन किती जाडीची ते कोणी विचारत नाही.” बॅकहोची सगळी झीज त्या पिना आणि त्यांच्याभोवतीच्या बुशांमध्येच, म्हणजे धातूच्या कड्यांमध्येच, होते. बूमच्या बुडाची आणि ज्यावर हात डावी-उजवीकडे वळतो त्या वळणाच्या खांबाची पिन किती मिलिमीटरची आहे, ती कडक केलेल्या पोलादाची आहे की साध्या गोल सळईची कापलेली आहे, बुश बदलता येईल असा बसवलेला आहे की बूमच्या पत्र्यालाच भोक पाडून त्यात पिन घातली आहे, प्रत्येक सांध्याला ग्रीस निपल आहे की नाही, हे रंग देण्यापूर्वी पाहावे. रंग चढल्यावर वेल्डिंगचा तुटक मणीही दिसत नाही आणि सांध्यातली फटही दिसत नाही. पाहण्याची सोपी रीत अशी : बकेट जमिनीपासून वितभर वर ठेवून तिचे टोक दोन्ही हातांनी आडवे हलवावे. नव्या यंत्रात ते जेमतेम बोटभर हलावे. टकटक आवाज करत चार बोटे हलले तर मागे फिरावे.

बकेटच्या रुंदीविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात मतभेदाला फारशी जागा नाही. बारा इंची बकेट घ्यावी. दोन-तीन इंची पीव्हीसी वाहिनीसाठी तेवढा चर पुरतो, आणि शंभर मीटर लांब व ९० सेंटिमीटर खोल चर बारा इंचीने खोदला तर २७ घनमीटर माती निघते. चोवीस इंचीने तीच ५४ घनमीटर होते, जी पुन्हा भरावीही लागते. नऊ इंची बकेट आणखी सोयीची वाटते खरी, परंतु ओल्या काळ्या मातीत ती रिकामी होत नाही; माती आत चिकटून बसते आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी उतरून ती खरवडावी लागते. दात बोल्टने बदलता येणारे असावेत. मुरमात ते जितक्या लवकर बोथट होतात तितके मला अपेक्षित नव्हते.

जॅक, म्हणजे दोन्ही बाजूंना उतरणारे पाय, यांची रुंदी पाहणे हा निवडीतला दुसरा मोठा मुद्दा आहे. अंजिराच्या ओळीत शिरता यावे म्हणून छोटा ट्रॅक्टर घ्यायचा आणि त्याला जॅक असे द्यायचे की ते पूर्ण उघडल्याशिवाय टेकतच नाहीत, असे काही यंत्रांत असते. माझ्या यंत्राचे जॅक तिरपे उतरतात व पूर्ण उघडल्यावर दोन्ही तळव्यांमध्ये सहा फुटांच्या आसपास अंतर होते; झाडाच्या घेरात हे बसते. सरळ खाली उतरणारे जॅक कमी जागा घेतात, पण हात नव्वद अंशांत वळवून भरलेली बकेट बाजूला नेली की ट्रॅक्टर त्या अंगाला झुकतो. तळव्यांचा आकार मोठा असावा. आमच्या खालच्या पट्टीत पावसानंतर काळ्या मातीत ते लाडूत बोट घातल्यासारखे बुडतात. जाड फळ्यांचे तुकडे सोबत ठेवल्याशिवाय तिथे काम सुरूच करता येत नाही, आणि भर पावसाळ्यात तर ते करूच नये.

वापराची पद्धत शिकायला वेळ लागतो, पण ती अवघड नाही. आधी ट्रॅक्टर न्यूट्रलला आणून हातब्रेक ओढावा, ट्रॅक्टरला पुढे लोडरची बकेट असेल तर ती जमिनीवर टेकवावी, मग दोन्ही जॅक इतके खाली दाबावेत की मागच्या टायरांवरचा भार कमी होईल, पण टायर जमीन सोडणार नाहीत. इंजिनाच्या फेऱ्या पीटीओच्या ५४० शी जुळतील एवढ्या स्थिर ठेवाव्यात. खोदताना एका दमात बकेट भरण्याचा हट्ट करू नये. तीन-चार इंचांचा थर आर्मने आपल्याकडे ओढत आणावा आणि शेवटी बकेट मुडपावी. आर्म बूमशी काटकोनाच्या जवळपास असताना त्याची ओढ सर्वांत जास्त असते, हे एकदा हाताला कळले की अर्धे कसब आले. मातीचा ढीग चराच्या काठापासून दोन फूट दूर टाकावा. चर बुजवताना बकेट आडवी ठेवून हात डावी-उजवीकडे झाडण्याची सवय जेसीबीवर काम केलेल्या चालकांना असते. या यंत्रात तसे करू देऊ नये, कारण वळणाचे सिलिंडर आणि खांबाची पिन त्यासाठी बांधलेली नसते. भाड्याने चालक बोलावला असेल तर हे त्याला आधी सांगावे, लिव्हरची मांडणीही दाखवावी. काही यंत्रांत बूम डाव्या लिव्हरवर असतो तर काहींत उजव्या, आणि सवयीचा हात चुकीचा लिव्हर ओढतोच.

कामाचा वेग किती, याचा अंदाज बकेटवरूनच बांधता येतो. माझ्या बारा इंची बकेटमध्ये ३५ लिटर माती मावते. तीस मीटरचा, तीन फूट खोल चर म्हणजे आठ घनमीटर, म्हणजे सव्वादोनशेहून अधिक फेऱ्या. अर्ध्या मिनिटाला एक फेरी धरली तर दोन तास, आणि दर दीड-दोन मीटरला जॅक उचलून ट्रॅक्टर पुढे घेण्याचा वेळ वेगळा. मोकळ्या मुरमात अडीच ते तीन तासांत हे काम होते व तासाला अडीच-तीन लिटर डिझेल जाते. दगडगोटे लागले की वेळ दुप्पट होतो. डोक्याएवढा दगड बाजूने मोकळा करून काढता येतो, पण कातळाचा सलग थर लागला की हे यंत्र त्यावर नुसते ओरखडे काढते. त्यासाठी ब्रेकरच लागतो, आणि तो या यंत्राला लावण्याचा विचारही करू नये.

येथे जेसीबीशी तुलना अटळ आहे. जेसीबीच्या थ्री-डीएक्स या मॉडेलची मागची बकेट पाव घनमीटरच्या घरातली, म्हणजे माझ्या बकेटच्या सात पटींहून मोठी. आमच्या भागात त्याचा तासाचा दर बाराशे रुपयांच्या आसपास आहे. सबफ्रेम, पंप, टाकी आणि पुढची वजने धरून मला हा संच सव्वातीन लाखांना पडला. तेवढ्या पैशांत जेसीबीचे २७० तास येतात आणि त्या तासांत तो जेवढी माती हलवील तेवढी हलवायला माझ्या यंत्राला हजारावर तास लागतील. मातीच्या घनमीटरवर हिशेब मांडला तर ही खरेदी परवडत नाही, हे उघड आहे. शेततळे, घराचा पाया, विहिरीचा गाळ यांसाठी जेसीबीच बोलवावा. पण सव्वादोन मीटर रुंदीचे आणि साडेसात टनांच्या घरातले ते यंत्र बागेच्या ओळीत शिरत नाही. शिरले तर फांद्या मोडते आणि काळी जमीन अशी दाबून ठेवते की पुढच्या हंगामात पाणी तिथेच साचते. फुटलेली वाहिनी आज दुपारीच दुरुस्त व्हायला हवी असते, तेव्हा ‘परवा बघू’ म्हणणारा जेसीबीवाला उपयोगी पडत नाही. ज्याच्याकडे अशी किरकोळ, विखुरलेली, अडचणीच्या जागेतली कामे वर्षभर असतात आणि ज्याचा ट्रॅक्टर एरवी दारात उभाच असतो, त्याच्यासाठी हा बॅकहो आहे. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून घेतला तर हिशेब आणखी बरा बसतो. मात्र मग ग्रीस कोणी मारायचे, हे आधीच ठरवावे.

आता तक्रारी. पहिली होसच्या मांडणीची. वळणाच्या खांबाजवळून सहा होस एकत्र बांधून नेलेले होते आणि हात पूर्ण डावीकडे वळला की त्यातला सर्वांत बाहेरचा होस पत्र्याच्या कडेला घासत होता. काही महिन्यांत त्याची रबरी साल जाऊन आतली तारेची जाळी चमकू लागली. तो होस हडपसरला नवा क्रिम्प करून घेतला आणि कडेला रबरी पट्टी लावली, तेव्हा ते थांबले. कारखान्यात हेच काम दहा मिनिटांचे होते. याच संदर्भात एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे : होसमधून बारीक फवारा येत असल्याचा संशय आला तर तो हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. दीडशे बारचे तेल कातडीतून आत शिरते, वरून जखम सुईच्या टोकाएवढीच दिसते आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रिया करावी लागते. दुसरी तक्रार बूमच्या बुडाच्या बुशाची. रोज ग्रीस मारूनही तो लंबगोल झाला. काढून पाहिल्यावर त्यावर साध्या कानशीने सहज ओरखडा उठला, म्हणजे तो कडक केलेलाच नव्हता. कारखान्याने आधी ‘तुम्ही दगडात चालवले’ असे म्हटले. पुरंदरात दगड टाळून खोदायचे तर गच्चीवरच्या कुंड्याच उरतात. बरेच फोन झाल्यावर बुश बदलून मिळाले, पण ट्रॅक्टर पिकअपवर घालून दिवे घाटातून भोसरीला नेण्या-आणण्याचा खर्च माझ्याच माथी आला. यंत्र मागे लावून तो घाट उतरण्याचा विचार कोणी करू नये.

चांगलेही पुष्कळ आहे. सिलिंडरच्या सीलमधून आजवर तेल पाझरलेले नाही, व्हॉल्व्ह हलक्या हाताने चालतो, वाहतुकीच्या वेळी बूम व वळण जखडणाऱ्या पिना जाड आहेत आणि साखळीने यंत्रालाच बांधलेल्या असल्याने हरवत नाहीत. सील किट आणि फिल्टर बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचे आहेत. पंपाचा गिअरबॉक्स फिरू नये म्हणून त्याला अडवणारी साखळी मात्र बारीक होती. ती मी दुप्पट जाडीची लावली. ती तुटली तर पीटीओबरोबर सगळा पंपच होसांसकट गरगरा फिरतो.

सुरक्षिततेबाबत दोन गोष्टींवर तडजोड करता येणार नाही. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधाराशिवाय माणूस उतरवू नये. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते आणि काळी माती कडेने उभी चिरली की आवाज न करता ढासळते. उतारावर काम असेल तर जॅकने यंत्र समपातळीत आणून माती चढाच्या बाजूला टाकावी. याशिवाय वर महावितरणच्या झोळ पडलेल्या तारा आणि खाली शेजाऱ्याच्या जुन्या वाहिन्या असतात. शहरालगतच्या प्लॉटवर खोदायचे असेल तर गॅसच्या वाहिनीची चौकशी आधी करावी.

मागणी नोंदवताना पिनांचे व्यास, बुशांचे पोलाद, पंपाचा प्रवाह, दाब, टाकीची क्षमता आणि यंत्राचे प्रत्यक्ष वजन कोटेशनवरच लिहून घ्यावे. शेवटचा हप्ता आपल्या शेतात, आपल्या मुरमात एक पूर्ण तास चालवून पाहिल्यावर द्यावा. जुने यंत्र मिळत असेल तर खांबाच्या बुडाशी आणि जॅकच्या कानांपाशी नवा रंग फासलेला आहे का, ते पाहावे. तिथला रंग खरवडून पाहू द्यायला विकणारा तयार नसेल तर किंमत विचारण्याचीही गरज नाही.